पाणी गेलं त्या वाटेने

नकाशा उघडला की मी आधी निळ्या रेघा बघते. किलोमीटर किती, चढ किती मीटरचा, हे मागाहून. झाडीचे डोंगर, त्यांच्या कुशीतून वाहणारी नदी आणि या दोन्हींना सांधणारे कच्चे रस्ते, असा मुलूख ग्रॅव्हल सायकलने, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठीच्या सायकलने, पालथा घालायचा असेल, तर पाणी कुठे उगम पावतं, कुठून उतरतं आणि कुठे जाऊन रेंगाळतं हे कळलं पाहिजे. खडी कुठे जाड आणि कुठे बारीक, चाकोरी कुठे खोल, चिखल कुठे आठवडाभर हटत नाही, हे जवळपास सगळं पाणीच ठरवतं. ते एकदा दिसायला लागलं की पुढचं चाक कुठे टाकायचं हा प्रश्न बराचसा सुटतो.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, वाचायची मला मनापासून आवड आहे. रेषांची टोकं माथ्याकडे वळलेली असली की तिथे घळ, खाली उतरलेली असली की डोंगराची सोंड. सोंडेवरून जाणारी वाट पावसानंतर एका दिवसात कोरडी होते, कारण तिच्यावरचं पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं. एकामागोमाग एक घळी ओलांडत जाणारी वाट मात्र प्रत्येक घळीत ओली सापडते. नकाशावर दोन्ही वाटांची लांबी सारखी दिसली तरी सायकलवर त्यांच्यात तासाभराचा फरक पडतो. उत्तर गोलार्धात असाल तर डोंगराची उत्तरेकडची बाजू आणखी उशिरा वाळते, हेही ध्यानात ठेवायचं.

माथ्यापासून सुरुवात करू. वर पाणी साठत नाही. पावसाबरोबर बारीक माती खाली निघून जाते आणि मागे उरतात दगड. ते फार लांबून घरंगळत आलेले नसल्यामुळे त्यांच्या कडा शाबूत असतात. नदीकाठचा गोटा हाताला गुळगुळीत लागतो, कारण तो मैलोन्‌मैल इतर गोट्यांवर घासत आलेला असतो. वरचा दगड तासल्यासारखा धारदार. टायर फाटण्याची भीती म्हणूनच मला खोऱ्यापेक्षा माथ्यावर जास्त वाटते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून एक मोठी ग्रॅव्हल शर्यत होते, आता ‘अनबाउंड’ नावाने ओळखली जाणारी. तिचा मुख्य टप्पा २०० मैलांचा, म्हणजे ३२० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या वाटांवर चकमकीचा दगड आहे. आदिमानवाने ज्याची पाती केली, तोच हा दगड. तिथे टायरची बाजू चिरली जाणं हा शर्यतीचा नेहमीचाच भाग आहे.

टायरची बाजू आणि मधला भाग यातला फरक इथे महत्त्वाचा. टायरच्या मधल्या जाड रबरात काटा किंवा खडा घुसला तर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भोकाकडे धावतं आणि गोठून ते बुजवतं. बरेचदा चालवणाऱ्याला कळतही नाही, घरी आल्यावर टायरवर पांढरा ठिपका दिसतो तेवढाच. बाजूच्या पातळ भिंतीला चीर पडली की एकट्या सीलंटचा निभाव लागत नाही. रबरी प्लग खुपसावा लागतो, चीर मोठी असेल तर आतून ठिगळ लावून ट्यूब घालावी लागते. मी प्लग, ठिगळ आणि एक ट्यूब असं तिन्ही जवळ ठेवते, ते याच माथ्यांसाठी. आणि सीलंट काही महिन्यांत सुकतं. चाक काढून कानाशी धरायचं आणि हलवायचं. आत द्रव खळखळला तर ठीक, आवाज आला नाही तर नवीन भरायचं.

आता हवा. या विषयावर मी कितीही बोलू शकते. माझे टायर ४५ मिलिमीटरचे, वजन ६२ किलो, आणि अशा मुलखात मी पुढे २५ व मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. डांबरी रस्त्यावरून आलेल्या माणसाला हे आकडे ऐकून धडकी भरते. त्याला वाटतं, टायर जितका टणक तितका वेग जास्त. गुळगुळीत रस्त्यावर काही मर्यादेपर्यंत ते खरं आहे. खडीवर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो, आणि दगडागणिक सायकल आणि अंगावरचं सगळं वजन थोडं थोडं वर उचललं जातं. त्या उचलण्याला लागणारी ताकद पायांतूनच येते आणि हिसक्यांमध्ये, खांद्या-मनगटांत, कंबरेत विरून जाते. मऊ टायर दगडाला आपल्यात सामावून घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. शिवाय मऊ टायर जमिनीला जास्त जागेवर टेकतो, त्यामुळे वळणावर पकड मिळते. हवा फार कमी केली तर दगडावर रिम आपटते आणि वळणात टायर खालून वळवळतो. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येकाला आपल्या वजनावर आणि टायरवर शोधावी लागते, दोन-दोन पीएसआय कमी करत. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून मागे थोडी जास्त हवा, पुढचं चाक वाट शोधणारं म्हणून पुढे थोडी कमी. मी हवा ठरवते ती उतारासाठी. सपाटीला काही सेकंद गेले तर जाऊ देत.

मग रानात शिरणारा उतार. रानातला रस्ता नीट बांधलेला असेल तर मध्ये किंचित उंच आणि कडांना उतरता असतो, म्हणजे पाणी बाजूच्या चरात जावं. चर पाचोळ्याने बुजला की पाणी रस्त्यावर चढतं आणि मोटारींच्या चाकोरीतून धावायला लागतं. एकदा त्याला चाकोरी सापडली की दर पावसात ती खोल होत जाते. अशा उतारावर डाव्या आणि उजव्या चाकोरीतली एक बहुधा जास्त खोल असते, उताराची बाजू असते ती. मी उथळ चाकोरी धरते आणि बदलायची वेळ आलीच तर आधीच, वेग कमी असताना, चाक जरा आडवं घेऊन मधली उंच पट्टी ओलांडते. कडेला घासत हळूहळू चढायला गेलं तर पुढचं चाक कडेवरच सरकतं. मधल्या पट्टीवर सुटी खडी साठलेली असते, तिच्यावर फार रेंगाळायचं नाही.

काही उतारांवर रस्त्याला तिरके आडवे उंचवटे घातलेले दिसतात, मातीचे किंवा लाकडी ओंडक्यांचे. पाण्याला रस्त्यावरून बाजूला काढण्यासाठी केलेली ही सोय. मातीच्या उंचवट्यावरून बिनधास्त जावं, फक्त वजन हलकं करावं. ओंडका ओला असेल तर त्याला काटकोनात भेटायचं, त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही. झाडांच्या मुळांचंही तेच. पावसाने साल निघालेलं मूळ म्हणजे तेल लावलेली लाकडी दांडी, आणि ते वाटेला तिरकं असेल तर पुढचं चाक त्याच्या दिशेने ओढलं जातं. मुळांचं जाळं दिसलं की मी त्याच्या अलीकडेच वेग कमी करते, पेडल आडवे ठेवते, ढुंगण खोगिरावरून दोन बोटं उचलते आणि ब्रेक सोडून देते. सायकलला खाली थोडं नाचू द्यायचं. हात घट्ट आवळले की तिचं नाचणं थेट आपल्यापर्यंत येतं.

पानगळीच्या रानात पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही. पण पाचोळा कुठे साठतो याला नियम आहे: वाऱ्याने आणि पाण्याने आणून टाकलेला तो खोलगट जागीच थांबतो. जाड पाचोळा म्हणजे खाली खड्डा, चाकोरी किंवा चर. पातळ, विस्कटलेला पाचोळा म्हणजे खाली बहुधा कठीण जमीन. सूचिपर्णी झाडांखाली वेगळंच सुख. सुयांचा थर पाणी झिरपू देतो, चिखल होऊ देत नाही, आणि चाकांचा आवाज एकदम कमी होतो. असा टप्पा आला की मी मुद्दाम हळू जाते.

उताराच्या वळणांवर सुटी खडी बाहेरच्या कडेला ढकललेली असते. आधी ब्रेक, मग वळण, हा क्रम मोडायचा नाही. वळणात बाहेरचा पाय खाली, त्या पायावर सगळं वजन, आणि अंगापेक्षा सायकल जास्त कलती. हात हँडलच्या खालच्या वाकाला असतील तर पुढच्या चाकावर वजन येतं आणि ब्रेक दोन बोटांत सापडतात. ग्रॅव्हल सायकलचे हँडल खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात ते अशाच वेळी रुंद पकड मिळावी म्हणून. तिचा पुढचं चाक धरणारा काटाही रस्त्यावरच्या शर्यती सायकलपेक्षा जास्त कलता आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त. उभ्या उतारावर सायकल बिथरत नाही, त्यामागे ही रचना आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र पाण्याने केलेली नसते: रस्त्यावरच्या एकसारख्या आडव्या लाटा, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या. त्या करतात चाकं. टॅबर्लेट, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघा संशोधकांनी २००७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये यावरचे प्रयोग मांडले. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थाळीवर चाक ठेवून त्यांनी दाखवलं की एका ठरावीक वेगाच्या वर लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. त्या वेगाच्या खाली जमीन सपाट राहते. मोटारीच्या बाबतीत हा वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे व्यवहारात लाटा टाळणं अशक्यच. हे वाचल्यापासून मी लाटांवर चिडणं सोडलं. रस्त्याच्या अगदी कडेला, जिथे मोटारीचं चाक जात नाही, तिथे बहुतेक वेळा हातभर सपाट पट्टी मिळते.

आणि मग खोरं. रान संपतं आणि एकाएकी सगळं आडवं होतं. नदीने पुरांमध्ये आणून पसरलेली ही जमीन, म्हणून इतकी सपाट. पाण्याचा वेग कमी होत जातो तसे आधी गोटे खाली बसतात, मग वाळू, आणि सर्वात शेवटी, जवळपास थांबलेल्या पाण्यात, गाळ. म्हणून पात्राच्या लगतचा काठ थोडा उंच आणि वाळूसर असतो आणि नदीपासून दूरचा सखल भाग चिकट. पावसाळी दिवसांत नदीपासून लांब राहिलं की कोरडं मिळेल असं वाटतं, आणि होतं बहुधा उलट. काठाकाठाची वाट निभावते, लांबची वाट चाकाला धरून ठेवते. फिलिप ह्युल्स्ट्रोम या स्वीडिश अभ्यासकाने १९३५ साली दाखवून दिलं होतं की वाहत्या पाण्यात सर्वात सहज हलते ती मध्यम बारीक वाळू. चिकणमातीचे कण तिच्याहून कितीतरी लहान, पण एकमेकांना असे चिकटलेले की त्यांना उपटायला जास्त वेगाचं पाणी लागतं. टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत अडकलेली ती माती काडीने खरवडताना त्या चिकटपणाचा पुरावा हातात येतो. फटीत दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर जागा मोकळी राहील एवढाच टायर घालावा असं मी सांगते ते त्यासाठी.

सकाळी लवकर खोऱ्यात उतरणार असाल तर जाकीट वरच घाला. रात्री उतारांवरची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखीच घळींतून खाली वाहत येऊन खोऱ्यात साठते. माथ्यावर ऊन आणि खाली धुकं असतं त्याचं कारण हेच. शेवटच्या दोन वळणांत गारठा अंगावर आदळतो, आणि बोटं आखडली की ब्रेक नीट दाबता येत नाहीत.

नदी ओलांडायची कुठे? वळणावर कधीच नाही. वळणात वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे झेपावतं, काठ कोरतं आणि तिथे डोह होतो. तळाजवळचं पाणी आतल्या काठाकडे वाहतं आणि तिथे वाळू-गोटे टाकतं. दोन वळणांच्या मधल्या सरळ भागात पात्र रुंद, उथळ आणि गोट्यांचं. तिथे पाणी खळाळतं, वर लहान लहान लाटा उठतात. असे उथळ पट्टे साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतराने येत राहतात, म्हणजे एक चुकला तर पुढचा फार लांब नसतो. खळाळ ऐकू येत नसेल तिथे पाणी खोल आहे असंच धरायचं.

माझ्या सायकलच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, जमिनीपासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर आहे. पेडल ज्याभोवती फिरतात तो आस आणि डिस्क ब्रेकच्या चकतीची खालची कड, दोन्ही २८ सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे पाणी नडगीच्या निम्म्यापर्यंत आलं की मी उतरते आणि सायकल ढकलत नेते, स्वतः प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहून, म्हणजे सायकल प्रवाहाने माझ्या पायांवर आपटत नाही. माझी मैत्रीण नेहमी चालवतच जायला बघते. “अगं, तळ दिसतोय की,” असं तिचं म्हणणं. मी म्हणते, “तळ दिसतोय, त्यावरचं शेवाळ दिसतंय का?” मग दोघी उतरतो. खूपच उथळ असेल तर हलका गिअर आधीच लावून, पेडल सतत फिरवत, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जायचं. पाण्याकडे बघितलं की चाक प्रवाहाबरोबर वाहत जातं. पलीकडे गेल्यावर थोडा वेळ ब्रेक हलके दाबत चालवायचं, चकत्या वाळतात आणि पुढच्या उतारावर फजिती होत नाही.

खोऱ्यातून जाणारे रेल्वेचे जुने, रूळ काढलेले मार्ग मिळाले तर सोडू नका. वाफेच्या इंजिनांना उभा चढ झेपत नसे, म्हणून असे मार्ग सहसा दोन टक्क्यांच्या आतच चढतात. खालची खडी दाबून बसलेली, पाणी निचरून जाण्याची सोय पक्की. खोऱ्यातून वर यायचा याहून सुखाचा रस्ता नाही.

तो नसेल तर रानातूनच वर. माझ्या सायकलला पुढे ३८ दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे सर्वात मोठा गिअर ४६ दात्यांचा. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटरने वर सरकते. सुट्या खडीच्या चढावर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. म्हणून बसूनच, खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरकून, कोपरं खाली आणि छाती हँडलजवळ. पुढचं चाक उचललं जात नाही आणि मागचं चावत राहतं. फेऱ्या गोल हव्यात, धक्के देऊन पकड सुटते. वाट इथेही पाण्याच्या हिशोबानेच: पाणी धावून स्वच्छ झालेली कडक पट्टी शोधायची, गाळ साठलेली जागा टाळायची.

हे सगळं आजकालचं फॅड आहे असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०२२ साली इटलीत व्हेनेतो भागात भरवली हे खरं. पण इंग्लंडमध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही कच्च्या वाटांवरून सायकली नेणाऱ्यांची संस्था १९५५ सालीच सुरू झाली होती, आणि ती माणसं अरुंद टायरच्या साध्या सायकली घेऊन डोंगर ओलांडत. जिथे चालवता येत नसे तिथे उतरून ढकलत, खांद्यावर घेत. मला स्पर्धा आवडतात, बघते मन लावून. पण या मुलखाशी माझं नातं त्या जुन्या मंडळींसारखं आहे. थांबून ओढा बघायला वेळ हवा.

आणि एक मागणं आहे. जोराच्या पावसानंतर रानातल्या मऊ वाटांवर चाकं नेऊ नका. भिजलेल्या मातीत उमटलेला चार बोटं खोल ठसा पुढच्या पावसाला आयती वाट देतो. पाणी त्यातून धावतं, तो रुंद होतो, आणि वर्षभरात तिथे घळ तयार होते. मी माती मुठीत दाबून बघते. गोळा झाला आणि बोटांना चिकटला तर मागे फिरते, किंवा सोंडेवरच्या दगडी वाटेला लागते. ती वाट पाऊस थांबल्यावर काही तासांतच चालवण्याजोगी होते, आणि टायरमध्ये हवा तेवढी दोन पीएसआय जास्त भरून घ्यायची.